बाळाची आंघोळ

चोवीस डिसेंबरच्या सकाळी, साडेआठ वाजायला दहा मिनिटं कमी असताना, कवळीवाल्याला न्हाणीघरातल्या निळ्या टबात बाळ येशू सापडला. सापडला म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. नाक गेलेलं, डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे, अंगावरच्या दुपट्याचा निळा रंग पाण्यात उतरून पाणी दुधाळ झालेलं. टबाशेजारी स्टुलावर आई बसली होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मांडीवर टॉवेल, आणि डावं कोपर पाण्यात बुडवून ती पाणी जास्त गरम तर नाही ना ते बघत होती. कवळीवाल्याचा सगळा जन्म प्लॅस्टरमध्ये गेलेला. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की प्लॅस्टर भिजत राहिलं की आधी रंग जातो, मग कडा जातात, मग बारीकसारीक सगळं जातं आणि शेवटी हातात गोळा राहतो. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या घरातलं पन्नास वर्षांचं बाळ असं बघणं वेगळं. "आई, हे काय केलंस?" तो म्हणाला, आणि आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, मामा. आत्ता कुठे डोळा लागलाय."

मामा म्हणजे वॉर्डातला कामगार. आईने छत्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती, आणि गेली दोन वर्षं ती पुन्हा तिथेच राहायला गेली होती. सून कधी मावशी असायची, कधी नवीन आलेली शिकाऊ पोरगी. मुलगा बहुतेक वेळा मामा, आणि क्वचित, शर्ट इस्त्रीचा असला तर, डॉक्टर. एरवी कवळीवाला हे चालवून घ्यायचा. हसायचासुद्धा. आज त्याला हसू आलं नाही. "आई, अगं पन्नास वर्षांचं होतं ते!" तो ओरडलाच. "पार चेहरा पुसून टाकलास त्याचा! संध्याकाळी आता गव्हाणीत काय ठेवू, माझं डोकं?" न्हाणीघर एवढंसं, आवाज फरशीवर आपटून दुप्पट झाला. आई दचकली. तिने कवळी अजून लावलेली नव्हती, त्यामुळे तोंड आत ओढलं गेलं, हनुवटी वर आली, आणि घाबरून तिने काय करावं? स्वतःच्या कानांवर नाही, तोंडावर नाही, टबातल्या त्या गोळ्यावर तिने दोन्ही हात पसरून धरले. तेवढं एक दृश्य मग दिवसभर त्याच्या मागे लागलं.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने टबात पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही विशेष घडलंय असं तिच्या तोंडावर दिसेना. "मीच दिलंय त्यांना ते," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून देतेय. नाताळच्या गोठ्याचा डबा खाली काढला ना, तेव्हा त्यांना ते दिसलं. बाळ हातात असलं की वीस मिनिटं शांत बसतात. वीस मिनिटांत माझा चहा होतो. कधी कधी तर गरम असताना पिऊन होतो." "अगं पण ते प्लॅस्टरचं आहे!" "हो का? मला वाटलं खरं आहे," बायको म्हणाली. मग आवाज उतरवून, "अहो, मी रोज बघतेय ते झिजताना. पण चेहरा कुणाचा सांभाळू, त्याचा की माझा? तुम्ही सकाळी आठला जाता, रात्री आठला येता. तुम्हाला आज दिसलं कारण आज तुम्ही उशिरा निघालात." कवळीवाल्याने चिडून बूट घातले. दारात बायको म्हणाली, "पाचच्या आत त्यांना कळवायचंय. लक्षात आहे ना?" "तू काय म्हणतेस?" "तुमची आई. तुम्ही ठरवा." हे वाक्य ती शनिवारपासून चौथ्यांदा बोलत होती, चारही वेळा एकाच सुरात.

कळवायचं होतं ते वृद्धाश्रमाला. आठ महिन्यांपूर्वी त्याने तिथे आईचं नाव घालून ठेवलं होतं. शनिवारी तिथल्या बाईंचा फोन आला. एक जागा रिकामी झालीय, खिडकीजवळची आहे, चोवीस तारखेला पाचपर्यंत हो किंवा नाही सांगा, नंतर आमचं ऑफिस सुट्टीवर, मग यादीतलं पुढचं नाव घेऊ. फार गोड बाई होत्या. जागा रिकामी कशी झाली ते त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्याला खिडकीजवळची ती खाट दिसत राहिली, नुकतीच धुतलेली चादर घातलेली. हो म्हणायचं हे त्याने मनात जवळजवळ पक्कं केलं होतं. आई दोनदा गॅस चालू ठेवून विसरली होती. एकदा दार उघडून जिन्यात उतरली आणि खालच्या मजल्यावरच्या बिचाऱ्या लठ्ठ माणसाला म्हणाली, कळा सुरू झाल्या का, आडवे व्हा. तेव्हा सगळे हसले, तो लठ्ठ माणूसही हसला, आणि बायको मोरीत जाऊन रडली. बायकोने शाळेतली गणिताची नोकरी आईपायी सोडली त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हा हो म्हणण्यात वावगं काय होतं? काहीच नव्हतं. दहा जणांना विचारलं असतं तर दहाही जणांनी हेच सांगितलं असतं. तरी चार दिवस झाले, फोन काही त्याच्याने उचलवत नव्हता.

रुमालात बांधलेला ओला गोळा कोटाच्या खिशात घालून तो निघाला. रस्ता माणसांनी फुलला होता. दुकानांच्या काचांवर कापसाचं बर्फ, दिव्यांच्या माळा, प्रत्येकाच्या हातात पिशवी. रविवारी चर्चमध्ये फादरांनी याच सगळ्यावर प्रवचन केलं होतं. विषय दर वर्षीचाच, नाताळचा खरा अर्थ. खरा अर्थ दिव्यांत नाही, केकमध्ये नाही, नव्या कपड्यांत नाही, भेटवस्तूंत नाही. फादर भले माणूस, पण खरा अर्थ कुठे कुठे नाही हे सांगण्यातच ते इतके रंगायचे की कुठे आहे ते सांगायची वेळ येईस्तोवर पुढचं गाणं सुरू व्हायचं. कवळीवाल्याला प्रवचनात डुलकी लागते. बायको कोपराने ढोसते. या वर्षी बायको नव्हती ढोसायला, ती आईजवळ घरी होती, म्हणून तो निवांत झोपला आणि जागा झाला तेव्हा सगळे उभे होते. आता चालता चालता त्याला आपली लाज वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानात गोठ्यातल्या मूर्ती होत्या म्हणून तो आत गेला. दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं. "मला फक्त बाळ हवंय," कवळीवाला म्हणाला. "सुटं बाळ येत नाही, साहेब," दुकानदार म्हणाला. "बाळ हवं तर सगळं कुटुंब घ्यावं लागेल, मेंढरांसकट." मागे उभी असलेली बाई खुदकन हसली. कवळीवालाही हसला आणि बाहेर आला, आणि मग ते वाक्य त्याच्या डोक्यातून निघेना.

त्याचं कामाचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात आणि हा त्यावरून कवळ्या करतो. फळीवर ओळीने प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलने डॉक्टरचं नाव. जबड्यांच्या मालकांना त्याने कधी पाहिलेलं नसतं, पण तोंड पाहिलं की माणूस कळतो असं त्याचं म्हणणं. हा एकाच बाजूने चावतो, ही झोपेत दात खाते, याचं बायकोशी पटत नसावं. सणासाठी हव्या होत्या त्या कवळ्या कालच गेल्या होत्या, दुकानात आज तो एकटा. त्याने रुमाल सोडला. गोळा टेबलावर ठेवला. मग सवयीने हात वर गेला, प्लॅस्टरचा डबा निघाला, रबरी वाटीत पाणी ओतून झालं, आणि कालथा हातात घेतल्यावर तो थांबला. प्लॅस्टरचं केलं तर आई उद्या परत आंघोळ घालणार. परवा घालणार. नवं वर्ष उजाडेस्तोवर परत गोळा. काहीतरी न विरघळणारं हवं. त्याने पाणी फेकलं आणि वरच्या फळीवरून गुलाबी पावडरीची बाटली काढली. हिरड्यांसाठी वापरतात ती. तिच्यात लाल रंगाचे केसाएवढे धागे मिसळलेले असतात, बारीक रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून. कवळी रोज पाण्यात असते, रोज घासली जाते, वीस-वीस वर्षं तिला काही होत नाही.

आधी मेणाचं बाळ करायचं, ते पितळी डबीत प्लॅस्टरमध्ये पुरायचं, मेण उकळून काढायचं, आणि पडलेल्या पोकळीत गुलाबी भरायचं. रोजचंच काम. गरम सुरीने मेण कापता कापता हात आपोआप चालायला लागले आणि डोकं मोकळं सुटलं. अंग सोपं गेलं. पोट, दुमडलेले पाय, मुठी. ही मूर्ती पहिल्यांदा त्याच्या हातात आली तेव्हा तो सात वर्षांचा होता. वडील आदल्या वर्षी गेले होते. आईने कुठल्याशा मोडीत निघालेल्या घरातून तो गोठा आणला होता, एका मेंढराला तीन पाय, योसेफाचा एक हात मनगटापासून गायब. "याला एक हात नाही म्हणून काही अडलं का?" आई म्हणाली होती. "कुटुंब चालवतोच आहे ना?" घरचा नेम असा की गव्हाण रिकामी ठेवायची, चोवीस तारखेच्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यात धाकट्याने बाळ आणून ठेवायचं. घरातला धाकटा तो, थोरलाही तोच. कारण चोवीसची संध्याकाळ आली की आई ड्यूटीवर. दर वर्षी. वॉर्डातल्या बाकीच्या बायकांना चार-चार पोरं, सासू-सासरे, नवरे. त्या रजा मागायच्या. आई म्हणायची, जा तुम्ही, मी आहे. "मला एकच आहे, आणि ते शहाणं आहे," ती सगळ्यांना सांगायची, आणि त्या कौतुकाने त्याच्याकडे बघायच्या. त्या शब्दाचा त्याने आयुष्यभर राग केला. शहाणा म्हणजे ज्याला टाकून जाता येतं तो.

खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला जेवायला घालायच्या, त्यांच्या पोरांबरोबर चर्चला न्यायच्या. परत आल्यावर तो वर यायचा, कापसातून बाळ काढायचा आणि एकटाच गव्हाणीत ठेवायचा. काकू दारातून बघत असायच्या. "काकू, आई कधी येईल?" "ड्यूटीवर आहे रे. येईल." "पण कधी?" "अरे, येईल म्हटलं ना." मग काकू दिवा मालवायच्या. तो उशीत तोंड खुपसून रडायचा, आवाज होऊ न देता, कारण शहाणा होता ना. उशी चिंब व्हायची. सकाळी जाग यायची तेव्हा आई घरात असायची, अंगाला फिनेलचा वास, चुलीवर काहीतरी शिजत असायचं, आणि उशी कोरडी. कोरडी खडखडीत. अश्रू रात्रीतून वाळतात आणि मागे डागही राहत नाही हे त्याचं लहानपणीचं ज्ञान. पुढे मोठं झाल्यावरही ते त्याला फार उपयोगी पडलं. आई त्याला विचारायची, "शहाण्यासारखा झोपलास ना?" तो म्हणायचा, "हो." आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, अजून गार असलेला.

चेहऱ्यापाशी मात्र काम अडलं. तोंडांत आयुष्य गेलेल्या माणसाला तोंड जमेना, म्हणजे बघा! पहिला चेहरा झाला तो कवळीच्या जाहिरातीसारखा हसायला लागला. खरवडला. दुसरा झाला मख्ख, कुठल्याही दुकानातल्या बाळासारखा. तोही खरवडला. आज सकाळी काय होतं त्या टबात, ते आठवायचा त्याने प्रयत्न केला, पण टबातलं काही आठवेना. टबावर धरलेले हात आठवले, आणि त्यांच्या वर आईचं घाबरलेलं तोंड. ओठ आत गेलेले. हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली. आईचे दात पडले तेव्हा तिचा ठसा त्याने स्वतः घेतला होता, अंगठा फिरवून. तिच्या हिरड्यांचा चढ-उतार त्याला तोंडपाठ होता. बिनदातांचं तोंड. सुरीचं टोक दिव्यावर धरून त्याने मेणात तेच तोंड कोरलं, खालचा ओठ जरासा पुढे, वरचा आत, आणि कोपऱ्यात भीतीची एक बारीक घडी. आणि बाळ बाळासारखं दिसायला लागलं. नुकतं जन्मलेलं, आता रडणार की काय असं. कवळीवाला ते हातात धरून बराच वेळ नुसता बसला. त्याला भडभडून आलं. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते येऊ दिलं.

प्लॅस्टर सुकलं, मेण उकळून गेलं, गुलाबी भरून डबी घट्ट आवळून त्याने पाण्याच्या भांड्यात सोडली. आता घाई करायची नव्हती. जाड काम असलं की आच मंद ठेवावी लागते. घाई केली तर वरून छान दिसतं आणि आतून बुडबुडे धरतात, चार दिवसांत तडकतं. तीन तास तरी हवे होते. भांड्यासमोर स्टूल ओढून तो बसला आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण हे न विरघळणारं बाळ कशासाठी करतोय? आई रोज आंघोळ घालणार म्हणून. कुठे घालणार? खिडकीजवळच्या खाटेवर? तिथे कोण देणार तिला टब, कोण बघणार कोपराने पाणी, कोण थांबणार वीस मिनिटं? ते बाळ घरात असणार तर आई घरात असणार. त्याच्या हातांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं, आणि डोकं आपलं पायऱ्या मोजत मागून येत होतं. तो घाबरला. खरंच घाबरला. कारण ठरवणं सोपं असतं, निस्तरावं लागतं ते बायकोला. मी मोठ्या मनाने आईला घरी ठेवणार, आणि मोरीत जाऊन रडणार ती. असलं मोठं मन काय चाटायचंय?

भांड्यातलं पाणी बारीक आवाज करत होतं. फादर कुठे कुठे नाही ते सांगतात, त्याला वाटलं, पण देव बाळ होऊन आला ही गोष्ट काय साधी आहे? देवाला यायचंच होतं तर धडधाकट यायला काय झालं होतं? तीस वर्षांचा, चालता-बोलता, आपली भाकरी आपण मिळवणारा. पण आला तो मान न धरणारा. मानेखाली कुणी हात दिला नाही तर मान लटकेल असा. दूध पाजा, पुसा, कोमट पाण्याने न्हाऊ घाला, म्हणजे जगेन. स्वतःला असं दुसऱ्याच्या हातात टाकून द्यायचं म्हणजे केवढा विश्वास, आणि केवढी जोखीम, कारण हात कसले मिळतील काय सांगावं? तो पन्नास वर्षं त्या बाळाला वर्षातून एकदा कापसातून काढत होता आणि परत कापसात ठेवत होता. फूल लावलं, दिवा लावला, की झालं. फादरही तेच करायचे, सगळेच तेच करायचे. त्या बाळाला बाळ समजणारी सबंध घरात एकच निघाली, आणि तिच्यावर तो आज सकाळी ओरडला होता. आणि दुसरी, जी रोज त्या म्हाताऱ्या बाळाला न्हाऊ घालते आणि चहा गार पिते, तिला तो शनिवारपासून विचारत होता, तू काय म्हणतेस. तिने काय म्हणावं?

त्याने फोन ओढला. वृद्धाश्रमाला नाही. त्याचं काम ज्यांच्याकडून येतं अशा डॉक्टरांना, एकेक करून. "एक तारखेपासून मी दुपारी बारानंतर," तो सांगत होता. "नाही, तब्येत उत्तम आहे. सकाळी घरी काम असतं." एक डॉक्टर म्हणाले, सकाळचे ठसे मग दुसरीकडे द्यावे लागतील. "द्या," तो म्हणाला, आणि पुढचा नंबर लावला. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी कसलं काम? त्याने जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं, "आईची आंघोळ असते." मग त्या म्हणाल्या, बारानंतर चालेल. डबी गार व्हायला चार वाजले. फोडली, घासली, चकाकी आणली. मुठीतलं एक बोट जरा जाड राहिलं होतं, ते त्याने तसंच ठेवलं.

घरी पोचला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आई खिडकीशी बसून टॉवेलची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. बायकोने दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कळवलंत?" "नाही." "पाचला पंचवीस मिनिटं आहेत." "तुला विचारल्याशिवाय कसं कळवू?" "मला विचारू नका म्हटलं ना." "तसं नाही विचारत," तो म्हणाला, आणि बूट न काढताच चौकटीत उभा राहून त्याने सांगून टाकलं. सकाळचं सगळं तो करणार. उठवणं, दात लावणं, आंघोळ, नाश्ता, औषधं, बारापर्यंत. काम बारानंतर. पैसे कमी येतील. "पण तू नको म्हणालीस तर नको," तो म्हणाला. "मग मी हो कळवतो त्यांना, आणि तुला कधी एका शब्दाने बोलणार नाही." बायकोने कमरेवर हात ठेवले. "तुम्ही बाईमाणसाला आंघोळ घालणार? तुम्हाला स्वतःची पाठ घासता येत नाही." "शिकव." "किती दिवस टिकणार हे? सण संपला की भूत उतरेल." "डॉक्टरांना फोन करून झाले. तिघांना. चौथा उचलत नाही." "खरंच केलेत?" "एक गेला हातचा." बायको त्याच्याकडे बघत राहिली. ती आता चिडेल की काय असं त्याला वाटलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तिने ते पदराने खसाखसा पुसलं. "मग मी शाळेत विचारू?" ती म्हणाली. "सकाळच्या तासांचं?" "विचार." "सातवीचा वर्ग देतील. सातवी द्वाड असते." "तुला द्वाड लोकांची सवय आहे."

तेवढ्यात फोन वाजला. पाचला दहा कमी होती, त्या गोड बाईंना वाट बघवली नसावी. तो पुढे झाला, पण बायकोने त्याच्या आधी उचलला. "हो, मी सूनच बोलतेय," ती म्हणाली. मग ऐकत राहिली. मग तिने आईकडे पाहिलं, आईच्या घडीकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली. "ती जागा पुढच्या कुणाला तरी द्या. त्यांना जास्त गरज असेल." आणि जरा थांबून, "नाही, आमचं नाव यादीत राहू द्या. उद्याचं काय सांगावं? पण आत्ता नको." फोन ठेवून ती चहा करायला आत गेली. जाताना म्हणाली, "आज गरम पिणार आहे मी. कुणी हाक मारायची नाही."

कवळीवाल्याने बूट काढले, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, टबात पाणी घेतलं आणि कोपर बुडवून पाहिलं. गरम वाटलं, गार घातलं. मग खिशातलं बाळ काढून त्याने आईच्या तळहातावर ठेवलं. आईने ते उलटंपालटं केलं, छातीला कान लावला, लाल धाग्यांवरून बोट फिरवलं. "रंग चांगला आहे," ती म्हणाली. "तीन किलो भरेल. कधी झालं?" "आज दुपारी." तिने डावा हात मानेखाली घातला आणि बाळाला पाण्यात सोडलं. किती सराईत होते ते हात! ज्या बाईला काल काय जेवली ते आठवत नव्हतं, तिच्या बोटांना सगळं आठवत होतं. "मामा," ती म्हणाली, "याची आई कुठंय?" कवळीवाला टबाच्या पलीकडे फरशीवर बसला होता. त्याच्या तोंडून काकूंचं वाक्य निघालं, त्याने न ठरवता. "ड्यूटीवर आहे. येईल." "मग तोवर मी आहे की," आई म्हणाली. "असं एकटं ठेवून कसं चालेल? तुम्ही जा घरी, मामा. आज नाताळ. पोरं वाट बघत असतील."

पन्नास वर्षं एक प्रश्न त्याच्या घशाशी होता. त्याने तो विचारला. "आणि सिस्टर, तुमचं पोर?"

आई पाणी ओंजळीने बाळाच्या पोटावर सोडत होती. "माझं शहाणं आहे," ती म्हणाली. कवळीवाल्याने मान खाली घातली. "सगळ्यांना असंच सांगते मी," आई म्हणाली. "सांगावं लागतं. नाही तर या बायका रजेवर जायच्या नाहीत. कसलं शहाणं, मामा? एवढंसं तर आहे. रडतं ते. मला माहितीये." "तुम्हाला कसं माहीत?" "सकाळी जाते ना मी घरी, तेव्हा ते झोपलेलं असतं. गालाखाली हात घालून बघते, तर उशी चिंब. मग हळूच डोकं उचलते आणि उशी उलटी करून ठेवते, कोरडी बाजू वर. त्याला वाटतं वाळली." ती जराशी हसली, बाळाकडे बघत. "सांगत नाही मी त्याला. लाजेल."

आत कपबशीचा आवाज झाला. चर्चची घंटा वाजायला लागली होती, जिन्यातून खालच्या लोकांची पावलं उतरत होती. कोपऱ्यात गोठ्यातली गव्हाण रिकामी होती, एका हाताचा योसेफ तिच्याकडे बघत उभा होता. कवळीवाला काही उठला नाही. त्याला समोरचं नीट दिसतही नव्हतं.

"मी थांबतो, सिस्टर," तो म्हणाला.

"थांबा," आई म्हणाली. "पण टॉवेल नीट धरा. दोन्ही हातांनी. आणि मान आधी."